हरभऱ्यावरील कवकजन्य रोग

हरभऱ्यावरील कवकजन्य रोग : हरभरा (शास्त्रीय नाव सायसर ॲरिएटिनम) ह्या शिंबावंत कडधान्य पिकाला कवकांच्या म्हणजे बुरशीवर्गीय सूक्ष्मजीवांच्या संसर्गामुळे होणारे रोग. जगातील हरभऱ्याच्या एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक उत्पादन भारतात होते आणि त्यात मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान ह्या राज्यांचा वाटा मोठा आहे. १९९६ पर्यंतच्या जागतिक नोंदींनुसार हरभऱ्यावर एकूण १७२ रोगकारक आढळले असून त्यांपैकी ६७ कवके आहेत. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही संख्या फसवी आहे. कोणत्याही एका प्रदेशात पिकाचे खरे नुकसान करणारी कवके तीन-चारच असतात व ती कोणती हे मुख्यतः तेथील जमीन, हिवाळ्यातील तापमान आणि हवेतील ओलावा ह्यांवर ठरते. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांतील परिस्थिती समोर ठेवून विवेचन केले आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : नांदेड व लातूर हे जिल्हे गोदावरी आणि तिच्या उपनद्या मांजरा, मन्याड, तेरणा, पैनगंगा ह्यांच्या खोऱ्यांत येतात. येथील बहुतेक जमीन दक्षिण ट्रॅप खडकापासून बनलेली काळी, चिकणमातीयुक्त व ओल धरून ठेवणारी आहे. पूर्वापार हरभरा हे येथील रब्बीतील जिरायती पीक असून पावसाळ्यानंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर ते वाढते व हिवाळ्यातील दवाचाही त्यास थोडाफार आधार मिळतो. पूर्वी खरिपात मूग, उडीद किंवा पड आणि रब्बीत ज्वारी, करडई, जवस, हरभरा असा मिश्र पीकक्रम असे. गेल्या सुमारे तीन दशकांत खरिपात सोयाबीनने बहुतेक क्षेत्र व्यापले आणि त्याच्यामागे त्याच रानात दरवर्षी हरभरा पेरण्याची पद्धत रूढ झाली. लातूर ही कडधान्यांची मोठी बाजारपेठ असून तेथील डाळ गिरण्यांमुळे हरभऱ्यास हमखास गिऱ्हाईक मिळते, हेही त्याचे एक कारण आहे. आर्थिक दृष्ट्या हा क्रम सोयीचा असला, तरी जमिनीत राहणाऱ्या रोगकारक कवकांनाही तो तितकाच सोयीचा आहे.

ह्या दोन जिल्ह्यांत महत्त्वाचे असलेले तिन्ही रोग, म्हणजे मर, कोरडी मूळकुज आणि मानकुज, जमिनीतून उद्‌भवणारे आहेत. पानांवरील रोगांना येथे दुय्यम स्थान आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर नियंत्रणाविषयीचे बरेचसे गैरसमज आपोआप दूर होतात.

मर : हा हरभऱ्यावरील सर्वांत व्यापक व घातक रोग आहे. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ह्या कवकाच्या सायसेरिस नावाच्या, केवळ हरभऱ्यासच रोगी करणाऱ्या विशिष्ट रूपामुळे तो होतो. भारतातील हरभऱ्याच्या मर विकाराचा उल्लेख ई. जे. बटलर यांच्या १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. त्यानंतर बराच काळ ह्या विकाराच्या कारणाविषयी मतभेद होते. नागपूर येथे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातील हरभऱ्याच्या मर विकारात ऱ्हायझोक्टोनिया ह्या कवकाचा संबंध दाखविला, तर जी. डब्ल्यू. पॅडविक यांनी १९४० मध्ये फ्युजेरियम हे कारण असल्याचे दाखवून दिले. आज मागे वळून पाहता दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते असे दिसते. शेतात मेलेली झाडे वरून सारखीच दिसतात, परंतु त्यांच्या मरणाची कारणे निरनिराळी असू शकतात. ‘मर’ ह्या एकाच लोकप्रचलित नावाखाली आजही दोन-तीन रोग एकत्र केले जातात व त्यामुळे उपाय चुकतात.

मर रोगाचा प्रादुर्भाव दोन अवस्थांत दिसतो. पेरणीनंतर तीन ते पाच आठवड्यांच्या आत रोपे एकाएकी मलूल होऊन जमिनीवर आडवी पडतात. पडलेल्या रोपाचा हिरवा रंग काही काळ टिकून राहतो व मुळे कुजलेली नसतात. दुसरी अवस्था पीक फुलोऱ्यात किंवा घाटे भरण्याच्या वेळी दिसते. प्रथम शेंड्याकडील पाने व देठ खाली झुकतात, नंतर संपूर्ण झाड किंवा कधी कधी त्याच्या एका बाजूच्याच फांद्या वाळतात. वाळलेली पाने झाडावरच राहतात. उशिरा मरणाऱ्या झाडांवर घाटे धरलेले असले, तरी त्यांतील दाणे बारीक, सुरकुतलेले व निस्तेज असतात. म. प. हावरे आणि य. ल. नेने यांच्या १९८० मधील निरीक्षणांनुसार लवकर मरणाऱ्या झाडांचे उत्पन्न तीन चतुर्थांशाहूनही अधिक घटते. उशिरा मरणाऱ्या झाडांपासून काही दाणे हाती लागतात, पण घट तेथेही लक्षणीय असते.

रोगट झाडाची मुळी बाहेरून निरोगी दिसते, हे ह्या रोगाचे खास वैशिष्ट्य होय. झाड उपटून सोटमूळ व खोडाचा खालचा भाग धारदार चाकूने उभा चिरल्यास मध्यभागी गडद तपकिरी ते काळसर रेघ दिसते. ही रेघ म्हणजे प्रकाष्ठातील, अर्थात पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकातील, रंगबदल होय. कवक मुळांच्या कोवळ्या टोकांतून आत शिरते व प्रकाष्ठवाहिन्यांत पोहोचून वरच्या दिशेने वाढते. त्याची सूक्ष्म बीजुके वाहिन्यांतील रसाबरोबर पुढे सरकतात. झाड प्रतिकार म्हणून वाहिन्यांत डिंकासारखे पदार्थ व फुगवट्यासारख्या वाढी निर्माण करते. कवकाचे तंतू आणि झाडाने उभे केलेले हे अडथळे मिळून वाहिन्या बंद होतात. परिणामी जमिनीत ओल असूनही झाड पाण्यावाचून मरते. अशा झाडास वरून पाणी दिल्याने काहीही साधत नाही.

कवकाची वाढ सुमारे २५° ते २८° से. तापमानात उत्तम होते. मराठवाड्यात सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या पिकाची मुळे नेमकी ह्याच तापमानाच्या जमिनीत वाढत असतात. लवकरच्या मर रोगाचे प्रमाण अगाप पेरणीत अधिक का आढळते, ह्याचे हे एक कारण होय. पुढे थंडी वाढली की रोगाचा वेग मंदावतो व फुलोऱ्यानंतर ऊन तापू लागले की तो पुन्हा वाढतो.

पोषक पीक नसताना हे कवक जाड भित्तीच्या विश्रामी बीजुकांच्या रूपाने जमिनीत व पिकाच्या अवशेषांत टिकून राहते. हरभरा न घेताही ते जमिनीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते असे पाटणचेरू येथील प्रयोगांत दिसून आले. त्याचा प्रसार मातीच्या कणांबरोबर, वाहत्या पाण्याबरोबर, अवजारांना चिकटलेल्या मातीतून आणि बियाण्यातूनही होतो. रोगट झाडापासून मिळालेल्या बियांत नाभीच्या भागी कवक दडलेले असते. त्यामुळे पूर्वी कधीही मर न लागलेल्या रानात रोगाचा पहिला प्रवेश बहुधा बियाण्यावाटेच होतो. आणखी एक बाब मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हावरे व नेने यांनी १९८२ मध्ये दाखविल्याप्रमाणे तूर, मसूर व वाटाणा ह्यांच्या मुळांत हे कवक कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकते. तुरीचा मर रोग फ्युजेरियमच्याच दुसऱ्या एका जातीमुळे होतो व तो हरभऱ्यास लागत नाही हे खरे. पण म्हणून हरभऱ्याच्या रोगट रानात तूर घेतल्याने जमीन निर्मळ होते असे समजणे चुकीचे ठरेल.

कोरडी मूळकुज : हा रोग ऱ्हायझोक्टोनिया बटाटिकोला ह्या कवकामुळे होतो. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना हे त्याच कवकाच्या बीजुकधारी अवस्थेचे नाव आहे. मर रोगापेक्षा ह्याची प्रकृती निराळी आहे. जमिनीतील ओल कमी झाली आणि तापमान ३०° ते ३५° से. पर्यंत चढले, की ते बळावते. म्हणून फुलोऱ्यापासून घाटे पक्व होईपर्यंतच्या काळात, विशेषतः उशिरा पेरलेल्या जिरायती पिकात तो उठून दिसतो. संपूर्ण झाड थोड्याच दिवसांत गवती पिवळे पडून वाळते. उपटू गेल्यास सोटमूळ मध्येच तुटते व त्याचा खालचा भाग जमिनीतच राहतो. हाती आलेली मुळी काळपट, ठिसूळ व बारीक उपमुळे गळून गेल्याने उंदराच्या शेपटीसारखी दिसते. तिची साल सोलली असता आतील बाजूस कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण भिंगातून दिसतात. हे कण म्हणजे कवकाचे जालाश्म (कवकतंतूंच्या घट्ट, टणक गाठी) होत. प्रतिकूल काळात कवक ह्याच रूपात तग धरते.

ह्या कवकास पोषक वनस्पतींची निवड नाही. शेकडो वनस्पतींवर ते वाढते. रब्बी ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी पाण्याच्या ताणाने मधेच मोडून पडते, त्या रोगास मराठवाड्यातील शेतकरी ‘खडखड्या’ म्हणतात. तो ह्याच कवकामुळे होतो. सोयाबीनवरही त्याच्यामुळे मूळ व खोड कोळशासारखे काळे पडण्याचा रोग होतो. याचा अर्थ सोयाबीन, हरभरा व रब्बी ज्वारी ही आजच्या पीकक्रमातील तिन्ही प्रमुख पिके ह्या एकाच रोगकारकाचे पोषण करतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मध्य व दक्षिण भारतात कोरड्या मूळकुजीचे प्रमाण वाढत असल्याचे पाहणीत आढळले असून हवामानातील उष्णता व पावसातील खंड ह्यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मर रोगास प्रतिकार करणारे अनेक वाण उपलब्ध आहेत, पण ह्या रोगास पूर्णतः दाद न देणारा वाण अद्याप हाती आलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठवाड्यातील हरभऱ्याचा पुढील काळातील मुख्य शत्रू मर नसून हाच रोग आहे.

मानकुज : स्क्लेरोशियम रॉल्फसाय ह्या कवकामुळे होणारा हा रोग पेरणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत आढळतो. जमिनीलगतचा खोडाचा भाग, म्हणजे रोपाची मान, कुजते. रोप पिवळे पडून मरते व सहज उपटून येते. कुजलेल्या भागावर पांढऱ्या शुभ्र तंतूंचे जाळे आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढे, आधी पांढरे व नंतर तपकिरी होणारे जालाश्म दिसतात. ओलसर व उबदार जमीन आणि न कुजलेला काडीकचरा ह्या दोन गोष्टी रोगास पोषक असतात. सोयाबीनची काढणी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच हरभऱ्याची पेरणी होते. तेव्हा गळालेली पाने, धसकटे व मुळे अर्धवट कुजलेली असतात. त्यातच ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस पडला, की मानकुजीस हवे ते सर्व मिळते. अशा वर्षी रोपांची विरळ झालेली संख्या पाहून शेतकरी बियाणे वाईट निघाल्याची तक्रार करतात. ती नेहमीच खरी नसते.

शेतावरील निदान : मृत झाड उपटणे, मूळ पाहणे आणि ते उभे चिरणे ह्या तीन कृतींनी बहुतेक वेळा निदान होते. मूळ अखंड व बाहेरून स्वच्छ, पण आत काळी रेघ असेल तर मर. मूळ ठिसूळ होऊन तुटत असेल व उपमुळे नाहीशी झाली असतील तर कोरडी मूळकुज. मानेवर पांढरी बुरशी असेल तर मानकुज. मात्र झाड पूर्ण वाळून आठवडा लोटल्यावर पाहिले, तर मृत मुळांवर इतर अनेक कवके वाढलेली असतात व घोटाळा होतो. म्हणून नुकतेच मलूल होऊ लागलेले झाड निवडावे. रोगाचा फैलाव शेतात बहुधा चट्ट्यांच्या स्वरूपात असतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येस, लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत सारे कुटुंब शेतात जाऊन भज्जी-आंबिलीचे जेवण करते. त्या सुमारास हरभरा फुलोऱ्यात किंवा घाट्यांत असतो. त्या दिवशी बांधावरून फेरी मारताना वाळलेले चट्टे कोठे आहेत हे पाहून ठेवल्यास पुढील वर्षी त्याचा उपयोग होतो.

येथे आणखी एका विकाराचा उल्लेख आवश्यक आहे. भारी काळ्या जमिनीत गरजेपेक्षा जास्त पाणी दिल्यास मुळांना हवा मिळत नाही व पीक पिवळे पडून मरते. ह्यास शेतकरी ‘हरभरा उभळणे’ असे म्हणतात. तो कवकजन्य रोग नव्हे. मात्र अशा कमजोर झालेल्या मुळांत कवके सुलभपणे शिरतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच शेतात एकाच वेळी दिसू शकतात.

पानांवरील रोग : ॲस्कोकायटा रॅबिआय ह्या कवकामुळे होणारा करपा हा पंजाब, हरियाणा व वायव्येकडील प्रदेशांतील विनाशक रोग आहे. सुमारे २०° से. तापमान व वारंवार पाऊस अशा हवेत तो साथीच्या स्वरूपात येतो. बॉट्रिटिस सिनेरियामुळे होणारी करडी बुरशी तराई, बिहार व बांगला देश येथे महत्त्वाची आहे. मराठवाड्याचा कोरडा हिवाळा ह्या दोहोंस मानवत नाही. हंगामाच्या अखेरीस पानांवर तपकिरी फोड आणणारा तांबेरा कधी कधी आढळतो, पण तोवर पीक काढणीस आलेले असल्याने नुकसान सहसा अल्प असते. डिसेंबर-जानेवारीत सतत ढगाळ हवा व अवेळी पाऊस झाला, तरच पानांवरील रोगांकडे लक्ष देण्याची वेळ येते.

रोगप्रतिकारक वाण : मर रोगाचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे प्रतिकारक वाण होय. ह्या बाबतीत हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) झालेले काम पायाभूत आहे. पूर्वी प्रतिकारक्षमता तपासण्यासाठी नैसर्गिक रोगावर विसंबून राहावे लागे. एखाद्या वर्षी रोग कमी आला, की दुबळा वाणही सशक्त भासे. नेने व हावरे यांनी ही अडचण ‘रोगट वाफा’ पद्धतीने दूर केली. एका निवडक क्षेत्रात मर रोगाने मेलेल्या झाडांचे तुकडे मातीत मिसळून, त्यात जेजी ६२ हा रोगास हमखास बळी पडणारा वाण पुनःपुन्हा पेरला जातो. त्याची जवळजवळ सर्व झाडे मरू लागली, म्हणजे जमीन सर्वत्र सारखी रोगट झाली असे मानतात. मग तपासावयाच्या वाणांच्या ओळींमध्ये ठरावीक अंतराने जेजी ६२ ची ओळ ठेवली जाते. साक्षीदार ओळ मेली आणि शेजारची ओळ जगली, तरच तो वाण प्रतिकारक ठरतो. पद्धत साधी आहे, परंतु तिच्यामुळे हजारो नमुन्यांची विश्वसनीय चाळणी शक्य झाली. पुढे अशा प्रकारची रोगट क्षेत्रे देशातील अनेक कृषी संशोधन केंद्रांवर तयार करण्यात आली.

ह्याच संशोधनातून कवकाचे निरनिराळे प्रभेद असल्याचेही स्पष्ट झाले. १९८२ मध्ये हावरे व नेने यांनी हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर व हिस्सार येथील नमुन्यांवरून भारतात चार प्रभेद असल्याचे दाखविले. भूमध्य समुद्राकाठचे देश व कॅलिफोर्निया येथील प्रभेद धरून आता जगात आठ प्रभेद मानले जातात. एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे मरू शकतो, ह्याचे हे कारण आहे. म्हणून दूरच्या राज्यातील वाणाची कीर्ती ऐकून त्याचे बियाणे आणण्यापेक्षा आपल्या विभागात चाचणी झालेला वाण घेणे शहाणपणाचे असते.

महाराष्ट्रात मर रोगास प्रतिकारक वा सहनशील म्हणून प्रसारित झालेल्या देशी वाणांत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, विशाल, दिग्विजय व फुले विक्रम, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी निगडित जाकी ९२१८ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर (जि. जालना) येथील केंद्राचा बीडीएनजी ७९७ (आकाश) हे उल्लेखनीय आहेत. विजय हा १९९० नंतरच्या दशकात प्रसारित झालेला वाण जिरायत, बागायत व उशिराच्या पेरणीतही चालत असल्याने मराठवाड्यात फार पसरला. कर्नाटकातील अन्नेगेरी हा जुना वाण सीमेलगतच्या भागात डाळीच्या गुणवत्तेमुळे लोकप्रिय आहे, परंतु मर रोगास तो बळी पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी डब्ल्यूआर ३१५ ह्या प्रतिकारक वाणातील गुण जनुकीय खुणांच्या साहाय्याने त्यात आणून ‘सुपर अन्नेगेरी १’ हा वाण तयार करण्यात आला. हरभऱ्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अशा कामास वेग आला आहे. काबुली हरभऱ्याचे बीजावरण पातळ असते व त्यात देशी वाणांच्या बीजावरणातील टॅनीन वर्गीय द्रव्ये जवळजवळ नसतात. त्यामुळे त्याचे बी जमिनीत लवकर कुजते व त्याच्या बाबतीत बीजप्रक्रिया अधिकच आवश्यक ठरते.

बीजप्रक्रिया : रोपाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांच्या संरक्षणासाठी ही क्रिया करतात. १९७८ मध्ये हावरे, नेने व राजेश्वरी यांनी बेनोमिल व थायरम ह्यांच्या मिश्रणाने बियाण्यातील फ्युजेरियमचा नायनाट होतो असे दाखविले. तथापि बेनोमिलच्या वापरावर भारतात २०१८ मध्ये बंदी आल्याने जुन्या पुस्तिकांतील ती शिफारस आता लागू नाही. सामान्यतः दर किलोग्रॅम बियाण्यास थायरम २ ग्रॅ. व कार्बेन्डॅझिम १ ग्रॅ., किंवा कार्बॉक्सिन व थायरम ह्यांचे तयार मिश्रण ३ ग्रॅ. चोळतात. कवकनाशकांची नोंदणी वेळोवेळी बदलत असल्याने वेष्टनावरील पीक व मात्रा पाहूनच खरेदी करावी.

ट्रायकोडर्मा हे जमिनीतील उपकारक कवक रोगकारक कवकांच्या तंतूंना वेढून त्यांवर उपजीविका करते, तसेच अन्न व जागेसाठी त्यांच्याशी स्पर्धाही करते. त्याची भुकटी दर किलोग्रॅम बियाण्यास ५ ग्रॅ. ह्या प्रमाणात लावतात. ट्रायकोडर्मा हेही कवकच आहे, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. कार्बेन्डॅझिमबरोबर एकत्र कालवल्यास ते मरते व शेतकऱ्याचा दुहेरी खर्च होऊन हाती काहीच लागत नाही. क्रम असा ठेवतात : आधी रासायनिक कवकनाशक, आवश्यक असल्यास नंतर कीटकनाशक, बी सावलीत सुकल्यावर ट्रायकोडर्मा आणि शेवटी पेरणीच्या काही तास आधी ऱ्हायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जीवाणुसंवर्धक. कार्बेन्डॅझिम वापरावयाचेच असेल, तर ट्रायकोडर्मा बियाण्यास न लावता चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, काही दिवस ओलसर ठेवून जमिनीत देणे श्रेयस्कर. परभणीच्या विद्यापीठात तयार होणारे ‘बायोमिक्स’ हे अनेक उपकारक सूक्ष्मजीवांचे मिश्रणही मराठवाड्यात ह्या कामी वापरले जाते. शेणखत कच्चे असल्यास मानकुजीस उलट मदतच होते.

जमीन, पेरणी व पाणी : उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन एप्रिल-मेच्या उन्हात तापू दिल्यास वरच्या थरातील बीजुके व जालाश्म ह्यांची संख्या घटते. सर्व कवक नष्ट होते असे नाही. सोयाबीनच्या काढणीनंतर धसकटे वेचून किंवा बारीक करून मातीत गाडली जावीत व पेरणीपूर्वी ती कुजण्यास शक्य तेवढा अवधी मिळावा. जिरायती पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तर बागायती पेरणी ऑक्टोबर २० ते नोव्हेंबर १० च्या सुमारास करतात. मर रोगाचा इतिहास असलेल्या बागायती रानात अगाप पेरणीचा मोह टाळावा. जिरायती रानात मात्र हा सल्ला जसाच्या तसा देता येत नाही. कारण पेरणी लांबविली तर ओल उडते आणि फुलोऱ्याच्या वेळी कोरडी मूळकुज गाठते. मर टाळावी तर मूळकुज आणि मूळकुज टाळावी तर मर, अशी ही कोंडी आहे. तिच्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे मर-प्रतिकारक, कमी मुदतीचा वाण वेळेवर पेरणे. त्यामुळे दोन्ही धोके बऱ्याच अंशी टळतात. बी उथळ न टाकता ८ ते १० सेंमी. खोल, ओलीत पडेल असे पेरल्यास मर कमी आढळते.

पाणी उपलब्ध असल्यास फांद्या फुटताना व घाटे भरताना अशा दोन हलक्या पाळ्या पुरेशा होतात. जमिनीस मोठ्या भेगा पडण्यापूर्वीच पाणी द्यावे. भेगा पडल्यावर दिलेले पाणी खोलवर शिरून साचते व पीक उभळते. तुषार सिंचनाने थोडे पण सारखे पाणी देता येते, तसेच रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरल्यास जादा पाण्याचा निचरा होतो. घाटे भरण्याच्या वेळचे हलके पाणी जमीन थंड व ओलसर ठेवते व कोरड्या मूळकुजीस आळा घालते.

फेरपालटाविषयी अवास्तव अपेक्षा बाळगू नयेत. कवक सहा वर्षे टिकत असल्याने एक-दोन वर्षे हरभरा बंद केल्याने मर नाहीशी होत नाही. पण बीजुकांचे प्रमाण घटते आणि प्रतिकारक वाणावरील दाब कमी होतो. ह्या दृष्टीने गहू किंवा करडई ही रब्बी ज्वारीपेक्षा बरी, कारण ज्वारी कोरड्या मूळकुजीच्या कवकास पोसते. हरभऱ्यात करडई किंवा जवसाच्या ओळी घेण्याची जुनी रीत आता यंत्राने काढणी करण्याच्या अडचणीमुळे मागे पडली आहे. तिच्यामुळे सर्व रान एकाच पिकाच्या मुळांनी भरत नसे.

उभ्या पिकावरील उपाय : झाडे वाळू लागल्यावर पानांवर कवकनाशक फवारण्याची प्रथा सर्वत्र दिसते. मर व मूळकुज ह्या रोगांत तिचा उपयोग होत नाही, कारण रोगकारक मुळांत असतो आणि पानांवर पडलेली बहुतेक कवकनाशके झाडात खालच्या दिशेने वाहून जात नाहीत. चट्ट्यातील मातीत कवकनाशकाचे द्रावण ओतल्याने शेजारच्या झाडांस काही संरक्षण मिळू शकते. तथापि मोठ्या क्षेत्रावर हा खर्च परवडत नाही. रोगट झाडे मुळासकट उपटून जाळणे व त्या चट्ट्यातून पाणी किंवा कुळव पुढच्या भागात न नेणे एवढेच हंगामात करण्यासारखे असते. मर लागलेल्या रानातील हरभरा खाण्यास किंवा डाळीस वापरण्यात काहीच हरकत नाही. बियाण्यासाठी मात्र तो ठेवू नये. पुढील वर्षाचे बी रोगमुक्त रानातून, मळणीपूर्वीच वेगळे काढून, स्वतंत्र खळ्यावर झोडून साठवावे.